गळ्याएवढ्या पाण्यातले प्रोफेसर

टेंभेकर प्रोफेसर मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचं फक्त डोकं पाहिलं. चैत्र संपत आला होता. सकाळी मी घागर घेऊन तळ्यावर गेले, तर पाण्याच्या मधोमध एक काळी छत्री उघडलेली आणि छत्रीखाली टोपी घातलेलं, चष्मा लावलेलं मुंडकं. बाकीचा माणूस पाण्यात. मुंडकं माझ्याकडे वळलं आणि म्हणालं, "बाई, जरा पलीकडून पाणी भरा. इथे लाटा येतात."

मी म्हटलं, "छत्री कायले जी? पाऊस तं नाई."

"थर्मामीटरला सावली लागते."

थर्मामीटरला. माणसाचं नाक उन्हानं सोललं होतं, त्याचं काही नाही. एक काचेची नळी त्यांनी वरच्या पाण्यात बुडवून धरली होती आणि दुसरी दोरीला बांधून पायापाशी सोडली होती. वरचं पाणी किती तापतं आणि खालचं किती, ते पाहायला हा माणूस तास-दीड तास तसाच उभा राही. म्हशी येऊन पाहून जात.

आमचं गाव नागभीडपासून तीन कोसांवर, चिमूरच्या अंगाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं. मालगुजारी नुकतीच गेली होती, पण मालगुजाराच्या आज्यानं बांधलेलं तळं जागच्या जागी होतं. माझं घर त्याच्या काठाशी. नवरा वारून सहा वर्षं झाली होती, दोन खोल्या रिकाम्या होत्या, आणि मी चार बुकं शिकलेली. एवढं सगळं त्या मुंडक्यानं दुपारपर्यंत गावातून काढून घेतलं आणि तिसऱ्या प्रहरी माझ्या दारात उभं राहिलं. आता त्याला हातपायही होते.

त्यांचं काम असं होतं. नागपूरच्या त्यांच्या कॉलेजात दर उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळे. विद्यार्थ्यानं एक प्रश्न घ्यायचा, प्रोफेसरांबरोबर दोन महिने बाहेर राहून त्याचं उत्तर शोधायचं, आणि पावसाळ्यात कॉलेजच्या समितीसमोर उभं राहून अहवाल वाचायचा. आठ उन्हाळे टेंभेकर मुलगे घेऊन हिंडले. या वर्षी पहिला नंबर मुलीचा आला. समिती म्हणाली, जाऊ दे, पण सोबत एक वयस्क, विश्वासू बाई पाहिजे.

"मी काई वयस्क नाई," मी म्हटलं. "अडतीस वर्षाची हाव."

"विश्वासू आहात का?"

"लोक म्हणतेत."

"किती लोक?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. पुढे कळलं की हा त्यांचा स्वभावच. 'खूप', 'थोडं', 'जवळच', 'लय दिवस' असलं काही त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. लगेच विचारत, "किती म्हणजे किती?" तळं माझ्या घरापासून जवळच आहे म्हटलं, तर पावलं टाकत जाऊन आले आणि म्हणाले, "एकशे बारा." गावात तापाची साथ होती, एक म्हातारा सांगत होता की लय लोक पडले. त्यालाही तेच विचारलं. तो बिचारा बोटं मोजत बसला आणि मोजता मोजता रडायला लागला, कारण त्यात त्याची सून होती. तेव्हा टेंभेकर त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

जेवायलाही मोजून. भाताचा मी एक ढीग जास्त वाढला, तर ठरलेले घास खाऊन उठायला लागले. मी म्हटलं, "मास्तर, माझ्या घरी भात टाकत नाईत." ते उभे होते ते बसले आणि मुकाट्यानं संपवलं. त्या दिवसापासून जेवणाचं मोजमाप माझ्याकडे आलं.

मुलगी मालती. एकोणीस वर्षांची, सडपातळ, हनुवटी पुढे काढून बोलणारी. ती माझ्याकडे राही, सर शाळेच्या ओसरीवर. पहिल्याच दिवशी तांदूळ निवडताना तिनं मला सगळं सांगून टाकलं. वडील नागपुरात कारकून. अकोल्याचं स्थळ आलेलं आहे, मुलगा बरा आहे, मंडळी उत्तराची वाट पाहताहेत. वडिलांनी हा एक उन्हाळा दिला आहे. अहवाल समितीनं मान्य केला, तर सर पुढच्या शिक्षणासाठी शिफारस लिहितील आणि वडील अकोल्याला नाही म्हणून कळवतील. नाहीतर हो.

"अन् मास्तर असंच नाई लिहून देनार?" मी विचारलं.

"सर? त्यांच्या भावाच्या मुलाला नाही दिली त्यांनी. त्याचा अहवाल अर्धा होता." मग पुढे म्हणाली, "आणि समितीतले एक जण सर्वांसमोर म्हणाले, की मुलगी रिकाम्या हातानं आली तर पुन्हा मुलगी पाठवायचा विषय काढू नका. म्हणजे माझ्या मागच्यांचंही दार मीच लावणार."

मी म्हटलं, "मंग रिकाम्या हातानं नको जाऊ."

आमच्याकडे उपदेश एवढाच असतो.

तिचा प्रश्न असा होता की आमच्या तळ्यात मरळ मासे किती. मी हसले. पाण्यातले मासे कोण मोजतं? तिनं माझा तांदळाचा डबा ओढला. म्हणाली, "यातले दाणे मोजता येतील का? नाही ना? पण दोनशे दाणे हळदीनं पिवळे करून यात मिसळले आणि मग एक पायली काढली, तर त्या पायलीत पिवळे किती आले त्यावरून सगळ्या डब्याचा हिशोब निघतो." मला ते ताबडतोब कळलं. त्याला कॉलेज लागत नाही. दोनशे मरळी धरायच्या, खूण करून सोडायच्या, आणि ज्येष्ठात तळं आटतं तेव्हा सगळं गाव मासे धरतं, त्या दिवशी खुणेच्या किती निघतात ते पाहायचं.

खूण कशाची? मालतीनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "मला विचारू नका. तळ्याला विचारा."

हे त्यांचं दुसरं पालुपद. पोरगी एकदा चिडून म्हणाली, "तळं बोलत नाही, सर!" तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून विचारलं नाही." तिला ते 'तुम्ही' म्हणत आणि 'मालतीबाई' म्हणत. शेवटी तिनंच ठरवलं. पांढरा दोरा गढूळ पाण्यात दिसत नाही, काळा मरळीच्या अंगावर दिसत नाही, म्हणून लाल. नागभीडच्या शिंप्याकडून लाल दोऱ्याची रिळं आली.

रोज सकाळी सोमाजी धिवर आणि त्याची माणसं जाळं टाकत, मरळी आणून मालतीच्या घंगाळात सोडत, आणि मालती एकेकीच्या पाठीवरच्या पंखासारख्या परातून सुईनं लाल दोरा ओवून गाठ मारी. मरळ म्हणजे नुसता स्नायू. पहिल्या दिवशी एकीनं शेपटी अशी मारली की पोरीचा गाल लाल झाला. बोटांत सुया शिरल्या. सर दहा पावलांवर पाठ करून बसलेले. सुई अशी धरा, तशी धरा, एक शब्द नाही. शेवटी मीच ओलं फडकं आणलं आणि मासा त्यात गुंडाळून कसा धरायचा ते दाखवलं. नंतर सर मला म्हणाले, "पार्वतीबाई, तुम्ही सांगितलंत ते चाललं. मी सांगितलं असतं तर अहवाल माझा झाला असता." मला सगळं गाव पारबताबाई म्हणायचं, पार्वती म्हणणारे तेवढे एकच. त्यांच्या बोलण्यात मला तेव्हा अर्थ दिसला नाही. पोरीच्या बोटांतून रक्त येत होतं आणि हा माणूस अहवाल कोणाचा ते पाहत होता.

पण सांगत नसले तरी सामान सगळं तेच वाहत. पुढे मालती वही घेऊन, मागे पन्नाशीचा प्रोफेसर दोन हातांत दोन बादल्या घेऊन. गावात कोणी असलं पाहिलं नव्हतं. बाया तळ्याच्या बांधावर, पाळीवर, उभ्या राहून हसत.

सोमाजीनं एकदा विचारलंच, "मास्तर, ते तुमची लेक होय का जी?"

"नाही. त्या संशोधक आहेत."

"मंग तुमी कोण?"

"मी त्यांचा हमाल."

"हमालाले टोपी शोभून राह्यली," सोमाजी म्हणाला. सगळे हसले. टेंभेकरांनी टोपी काढून पाहिली, पुन्हा घातली आणि बादल्या उचलल्या.

दोनशे मासे व्हायला वीस दिवस लागले. शेवटचा सोडला तेव्हा मालती मला मिठी मारायला आली, तिला माशांचा इतका वास येत होता की मी दूर झाले.

ज्येष्ठात तळ्याचं पाणी कमरेवर आलं. आदल्या दिवशी धिवरांनी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, मोहाच्या झाडांमागे असलेला त्यांच्या देवीचा, मायेचा, पार झाडून सारवून घेतला, पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच सगळं गाव पाण्यात उतरलं, जाळी धिवरांच्या हातात, बाकीचे टोपल्या वाहायला. सोमाजीनं सगळ्यांना बजावलं होतं की प्रत्येक टोपली आधी या पोरीसमोरून जाईल. मालती पाळीच्या अलीकडच्या टोकाला बसली, मी तिच्या शेजारी. मी मासे मोजायचे, तिनं लिहायचं. दुपार टळेपर्यंत माझी मान मोडून आली. मरळींच्या टोपल्यांवर टोपल्या गेल्या.

लाल दोरा एकही नाही.

तळं चिखल झालं. लोक घरी गेले. सर आले आणि विचारलं, "किती?"

"शून्य."

"किती म्हणजे—"

"शून्य म्हणजे शून्य, सर!" पोरगी ओरडली. "दोनशे सोडले आणि एक नाही! दोरा कुजला म्हणावं, तर घंगाळात दीड महिना ठेवलेल्या माशाचा अजून जसाच्या तसा आहे. शून्यावरून काय काढू? तळ्यात अगणित मरळी आहेत म्हणून सांगू समितीला?"

सर म्हणाले, "शून्य आलं तर शून्य लिहा."

मला त्या क्षणी त्यांच्या टोपीत चिखल भरावासा वाटला. निघायला चार दिवस होते.

मालतीनं शून्य लिहिलं. जेवली नाही. सरही जेवायला आले नाहीत. दिवस मावळताना ते एकटेच पाळीवरून पलीकडे गेले आणि पारापाशी सोमाजीच्या आईशी, भिकीबाईशी, बोलताना दिसले. मला वाटलं, आता हे देवही मोजताहेत.

सकाळी मी उठले आणि तडक सोमाजीच्या दारी गेले. मला रडणं जमत नाही, भांडणं जमतं. म्हटलं, "सोमाजी, दोनशे दोरेवाले मासे गेले कुठी? खाल्ले का लपवून?"

तो जाळं सांधत होता. त्यानं कानाला हात लावला. "राम राम, काय बोलून राह्यली बाई? देवाचे मासे खाईन का मी?"

"कोनत्या देवाचे?"

"लाल दोरा बांधून पाण्यात सोडला मंजे नवसाचाच नाई का? तो मासा जाळ्यात आला तं आमी परत पाण्यात सोडतो. अन् तळं रिकामं कराच्या दिवशी पारामागच्या लहान तळ्यात, बोडीत, नेऊन सोडतो. तिथी कोनी जाळं टाकत नाई."

"अन् हे इतके दिवस बोलला काऊन नाईस?"

"दुसऱ्याच्या नवसाचं तोंडातून काढत नाईत. काढलं तं फळत नाई." मग आवाज बारीक करून म्हणाला, "दोनशे माशांचा नवस, बाई! एवढा मोठा आमच्या बापजन्मात कोनी केला नाई. आमाले वाटलं, पोट्टी नवरा मागून राह्यली. कलेक्टर असन मनलं."

मी कुणबी, लग्न होऊन या गावात आलेली, धिवरांच्या मायेचे नेमधर्म मला काय ठाऊक! सोमाजीनं आणखी एक गोष्ट सांगितली. बोडीत मासा सोडला की सोडणाऱ्यानं पारावर एक खडा ठेवायचा. नवस फळला की नवसवाल्यानं खडे मोजून तितक्या मुठी गूळ वाटायचा. "गुळाची वाट पाहून राह्यलो आमी."

मी धावत नाही, पण त्या दिवशी भरभर चालले. मालती माझ्याही पुढे गेली. सारवलेल्या पारावर खड्यांचा ढीग होता. तिनं एकेक खडा उचलून मोजला. त्रेसष्ट.

दोनशेंतले किती निघाले तो आकडा हाती आला, आणि पोरीचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. तिनं सरांना बोलावून दाखवलं. सरांनी ढिगाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "खडा म्हणजे मासा, हे सोमाजी म्हणतात. पोरांनी खेळता खेळता टाकले नसतील कशावरून?"

मी म्हटलं, "मास्तर, आता तरी पोरीले सुखानं राहू द्या."

मालतीनं माझा हात दाबला. "नाही, बरोबर विचारताहेत. समिती हेच विचारील."

आणि ती निघाली. धिवरांची तेवीस घरं. प्रत्येक घरी जाऊन, ढिगाचा आकडा न सांगता, तिनं विचारलं की तुमच्या घरून देवाचे मासे किती सोडले. ज्येष्ठाचं ऊन. दारादारात तिला पाणी मिळे आणि आशीर्वादही मिळे, चांगला नवरा मिळो म्हणून. एका घरची सासू म्हणाली चार, सून म्हणाली तीन. दोघींचं अर्धा तास भांडण झालं, तेव्हा चौथा मासा शेजारणीचा निघाला. लोक आठवून सांगत, कारण देवाचा मासा हातात आल्याचं कोणी विसरत नाही.

बेरीज बासष्ट.

तिनं पुन्हा ढीग मोजला. त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवीस घरं. बासष्ट. निघायला एक दिवस राहिला. पारापाशी आम्ही सगळे जमलो. मालतीचे ओठ फुटले होते. म्हणाली, "एक खडा जास्त आहे. एक जर खोटा असेल तर बाकीचे खरे कशावरून, असं कोणीही म्हणेल."

सोमाजी तापला. "मायेच्या पारावर आमचं मानूस खोटा खडा ठेवन? आमाले लबाड मनून राह्यली का, पोरी?"

"तसं नाही, सोमाजीभाऊ..."

"मंग कसं? दोन दिवस झाले, घरोघरी चोर पकडल्यावानी विचारून राह्यली. बाया चिडल्या. हे घे, सांगून देतो, आता कोनी काई सांगनार नाई!"

मालती उभी होती, वही छातीशी धरून. तिला मागेही जाता येईना, पुढेही. मी सोमाजीला काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात टेंभेकर सर पुढे झाले. टोपी हातात होती. म्हणाले,

"तो एक माझा आहे."

कोणाला काही कळलं नाही.

"शून्य आलं त्या संध्याकाळी मी इथे आलो होतो. खडे दिसले. भिकीबाईंना विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, मागणं असलं की खडा ठेवावा लागतो. म्हणून मी एक ठेवला." मग म्हणाले, "आज दोन दिवस मला वाटत होतं की बेरजेत कुठेतरी एक माणूस निसटला असेल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सोमाजी, तुमची माणसं खरी आहेत. चूक माझी."

सोमाजी त्यांच्याकडे पाहतच राहिला. "अन् मासा जी? मासा कुठी सोडला?"

"मासाही लागतो हे मला माहीत नव्हतं."

भिकीबाई हसायला लागली, ती हसत हसत पाराला टेकून खालीच बसली. मग सगळेच हसले. बिनमाशाचा नवस! सोमाजीनं सरांच्या पाठीवर थाप मारली आणि राग तिथंच संपला.

मालती हसली नाही. ती सरांकडे पाहत होती. आठ मुलांचे अहवाल ज्यांनी एक अक्षर न सांगता तपासले, ते सर मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "मालतीबाई, लिहा. एक खडा मार्गदर्शकाचा, निष्काळजीपणानं..."

"काय लिहायचं ते मी ठरवीन, सर," ती म्हणाली.

काय मागितलं होतं, ते त्यांना कोणी विचारलं नाही. पोरीच्या हातात शून्य आलं त्या संध्याकाळी देव न मानणारा माणूस पारावर काय मागेल, ते विचारायला लागत नाही.

अहवाल पास झाला. मालतीचं कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं की समितीनं खड्यांवरून तिला फार छळलं, आणि तिनं ढीग वेगळा मोजला, घरं वेगळी मोजली आणि एकाचा फरक कशानं पडला तेही सांगितलं, म्हणून शेवटी समितीवाले गप्प बसले. अकोल्याला नकार गेला. पुढच्या वर्षी कॉलेजनं आणखी एक मुलगी पाठवली, ती पक्ष्यांवर काम करायला सिरोंच्याकडे गेली. कार्डामागून नागभीड स्टेशनावर गुळाची भेली आली. सोमाजीनं मुठी मोजून वाटली आणि मला म्हणाला, कलेक्टर भेटला वाटते.

पण मला सांगायची आहे ती त्यांच्या निघायच्या सकाळची गोष्ट. बंडी दारात उभी, सामान चढलेलं आणि सरांचा पत्ता नाही. मी आणि मालती शोधत पाळीवरून गेलो. ते पारापाशी ओणवे होऊन खडे चाळत होते. आम्हाला पाहून दचकले.

"माझा हिरवट होता," म्हणाले. "हा पाहा, सापडला. काढून टाकतो. मासा नाही, तर खडा कशाला? लोकांचा हिशोब चुकेल."

मालती म्हणाली, "अहवालात मी वजा केलाय, सर."

"तरीपण इथे..."

"इथे राहू द्या."

"मालतीबाई, हे बरोबर नाही."

"हे काम माझं आहे ना? मग मी सांगते. ठेवा तो."

इतक्या दिवसांत त्या पोरीनं त्यांना पहिल्यांदा काही करायला सांगितलं होतं. ते तळहातावरच्या खड्याकडे पाहत राहिले. मग वाकून त्यांनी तो ढिगाच्या मधोमध ठेवला. वाऱ्यानं, पोरांच्या पायानं घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दुसरे खडे लावले. उठताना त्यांनी पाराला हात टेकला, आणि टेकलेला हात काढायला त्यांना वेळ लागला.

बंडीवाला हाका मारत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि आम्ही दोघी तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिलो.